आम्ही नागवंशी! मग साप ओळखायचा कुणी?

नागपंचमी जवळ आली की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरायला लागतात. एक नेहमीचा : नागदेवतेला दूध पाजा, वारुळाची पूजा करा. दुसरा आपल्याच पोरांचा : आम्ही नागवंशी, नागपंचमी मूळची आमचीच. खाली पाच फण्यांचा नाग, निळा रंग, जयभीम. पहिल्या मेसेजवर आपण तुटून पडतो, आणि ते योग्यच आहे. दुसरा आपण चार ग्रुपांत पुढे पाठवतो. आम्हीही पाठवला आहे, नाकारत नाही. यंदा मात्र हे दोन्ही मेसेज पाठवणाऱ्यांना आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे. गेल्या पावसाळ्यात तुमच्या गावात साप कुणाला चावला? तिचे नाव सांगा. आणि तिच्या नावावर शेती किती होती, तेही सांगा.

आम्ही भंडारा जिल्ह्यात काम करतो. वैनगंगेच्या काठची, धानाची, मामा तलावांची ही गावे. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वस्तीत पस्तिशीतल्या एका बाई गेल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. जुलैचा महिना, रोवणीचे दिवस. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून घरी आल्या, जेवल्या, जमिनीवर चटई टाकून लेकरांजवळ झोपल्या. रात्री दोनच्या सुमारास पोटात दुखते म्हणून उठल्या. घरच्यांनी ओवा दिला. पहाटेपर्यंत घसा धरला, थुंकी गिळवेना, पापण्या आपोआप मिटू लागल्या. कुणीतरी म्हणाले, 'बाहेरचं आहे.' शेजारच्या गावातल्या मांत्रिकाकडे नेले, तिथे दोन तास गेले. मग आरोग्य केंद्र, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यासाठी गाडी. कृत्रिम श्वासाच्या यंत्रापर्यंत पोचण्याआधीच वहिनींचा श्वास थांबला. दंडाच्या आतल्या बाजूला डास चावल्यासारखे दोन बारीक ठिपके होते. सूज नाही, रक्त नाही.

ती मण्यार होती. वस्तीत एकालाही ते कळले नाही. आम्ही समाजशास्त्रात एमए केलेले, आम्हालाही त्या दिवशी कळले नसते.

पुढची गोष्ट आणखी बोचणारी आहे. त्यानंतर पंधरा दिवस वस्तीतली पोरे काठ्या घेऊन फिरली. गळ्यात निळा गमछा आणि हातात काठी. तीन धामणी मारल्या, एक दिवड मारला, एक कवड्या मारला. मण्यार एकही नाही. म्हणजे ज्या धामणी घरातले उंदीर खात होत्या त्या गेल्या, आणि ज्या उंदरांच्या मागे विषारी साप घरात येतात ते उंदीर राहिले. टी-शर्टवर नाग छापणाऱ्या पोरांना नाग आणि धामण यांतला फरक सांगता येत नव्हता. त्यांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना तो कुणी शिकवला? तेव्हा आधी साप समजून घेऊ.

भारतात सापांच्या ३०० च्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक बिनविषारी किंवा माणसाला अपाय न करणाऱ्या. देशभर सर्वाधिक माणसे मारणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्या धानपट्ट्यात गाठ पडते ती मुख्यतः पहिल्या तिघांशी.

नाग सगळ्यांना माहीत आहे असे सगळ्यांना वाटते. फणा काढला तर ओळखतो, नाही काढला तर तो साधा तपकिरी-काळा साप दिसतो आणि इथेच फसगत होते. फणा म्हणजे मानेजवळच्या लांब फासळ्या पसरून ताणलेली कातडी. तो इशारा असतो : मोठा दिसतोय बघ, मागे सर. इशारा ऐकून माणूस मागे सरला तर नाग बहुतेक वेळा निघून जातो. वारूळही त्याने बांधलेले नसते. ते वाळवीचे घर. नाग तिथे आयता राहतो. म्हणजे वारुळाला पूजणारे कष्ट करणाऱ्या वाळवीला सोडून बसणाऱ्याला हात जोडतात. (आपल्या देशात ही काही नवी रीत नाही.)

नागाला बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर त्याला चांगली कळते, पण पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही. त्याच्यासमोर हलणाऱ्या पुंगीवर आणि गारुड्याच्या गुडघ्यावर तो नजर ठेवून असतो. साप दूध पचवू शकत नाही. पंचमीच्या आधी कित्येक दिवस टोपलीत तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो, आणि त्या दुधानेच पुढे मरतो. सूड घेणारी नागीण, डोळ्यांत मारेकऱ्याचा फोटो, हे सगळे सिनेमाचे. सापाच्या मेंदूत सूड ठेवायला जागा नाही. सूड ही माणसाची गोष्ट आहे.

घोणस, जिला आपल्याकडे पुष्कळ लोक परड म्हणतात, ती वेगळ्या स्वभावाची. जाड, मंद अंग, पाठीवर साखळीसारखे गडद लंबगोल ठिपक्यांचे तीन पट्टे, त्रिकोणी डोके. ती पळून जात नाही; वेटोळे करून जागच्या जागी बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार टाकते. तो आवाज ऐकू आला की जिथे आहोत तिथे थांबायचे, मग सावकाश मागे यायचे. सुस्त अजगराचे पिल्लू समजून तिला हातात घेतलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. बिनविषारी डुरक्या घोणस तिच्यासारखीच दिसते, म्हणून चुका दोन्ही बाजूंनी होतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते, एका वेळी वीस-तीसही. ती पिल्ले पावसाळ्याच्या तोंडाशी जन्मतात आणि जन्मापासून विषारी असतात. आता हिशेब लावा : पऱ्हे उपटायला आणि रोवणीला बायका बांधीत उतरतात तेव्हाच. कापणीला पुन्हा तेच, कडपा उचलताना हात थेट धानाखाली जातो. घोणसेच्या दंशाने हात-पाय सुजतो, रक्त गोठेनासे होते, लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंडे निकामी होतात. वाचलेली बाई पुढे कित्येक महिने डायलिसिसच्या फेऱ्या मारते, आणि त्या फेऱ्यांसाठी सावकाराकडे जाते.

आणि मण्यार. सर्वांत शांत, सर्वांत घातक. चकचकीत निळसर काळी, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे मानेपासून थोडे मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे उलटे असते : पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर षटकोनी मोठ्या खवल्यांची रांग असते. दिवसा ती वेटोळे करून डोके लपवून बसते. डिवचली तरी चटकन चावत नाही. रात्री बदलते. उंदीर, पाली, इतर साप शोधत घरात शिरते, भिंतीच्या कडेकडेने फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा झोपेत हात पडला की चावते. चावा दुखत नाही, सुजत नाही. पहिली खूण पुष्कळदा पोटदुखी असते. त्यानंतर पापण्या जड होणे, घसा धरणे, मान न धरवणे, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबणे. रात्री जमिनीवर झोपलेले माणूस पोटदुखीने उठले आणि पापण्या मिटायला लागल्या, तर पावसाळ्यात दुसरे काहीही आहे असे धरून चालू नका. सरळ दवाखाना.

आपल्या पूर्व विदर्भात पट्टेरी मण्यारही आहे. काळे-पिवळे जवळपास सारख्या रुंदीचे पट्टे, पाठीला कणा वर आलेला म्हणून अंग त्रिकोणी, शेपटीचे टोक बोथट, तुटल्यासारखे. हा साप दिसायला सुंदर आणि बुजरा. पण आपल्याकडे मिळणारे प्रतिविष वरच्या चार सापांच्या विषापासून बनते, याच्या विषापासून नाही. म्हणून व्हिडिओ काढायला याच्याशी खेळणाऱ्या सर्पमित्रांनी जरा भान ठेवावे. तुमची रील पाहून उद्या दहावीतले पोर हात घालील.

मांडूळावर फार शब्द खर्च करत नाही. त्याची शेपूट बोथट असते म्हणून दोन तोंडे वाटतात, एवढेच. गुप्तधनासाठी मांडूळ विकणारे आणि घेणारे दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आत जातात. आपल्या वस्तीतली बेरोजगार पोरे त्यात दलालाच्या पुढे उभी केली जातात. सौदा करणारा सुटतो, पोर अडकते.

प्रतिविषाबद्दल दोन गोष्टी घरोघर सांगा. एक, ते चारही सापांसाठी एकच असते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवू नका. डॉक्टर लक्षणांवरून आणि वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून ठरवतात. दोन, ते रक्तात फिरणाऱ्या विषावर काम करते. मण्यारीचे विष नसांच्या टोकांना एकदा घट्ट चिकटले की इंजेक्शन ते सोडवू शकत नाही, मग यंत्रावर श्वास देत दिवस काढावे लागतात. म्हणून मांत्रिकाकडचे दोन तास हे नुसते वाया गेलेले तास नसतात. बांगड्या, अंगठी, जोडवी काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, चिरा मारू नका, करकचून दोरी बांधू नका, १०८ ला फोन करा. गाडी येत नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या.

आता मूळ मुद्दा. साप जात पाहत नाही, हे खरे. पण साप ज्या जागी चावतो ती जागा जातीने ठरवलेली आहे. बांधीत अनवाणी कोण उतरते? जागल करायला रात्री शेतात कोण जाते? पंपाला रात्रीच वीज मिळते म्हणून अंधारात धुऱ्यावरून पाणी द्यायला कुणाला पाठवले जाते? मातीच्या भिंती, फटी असलेली दारे, एकाच खोलीत धानाची पोती आणि चटई, हे कुणाचे घर? ज्याची बांधी आहे त्याच्या घरी पलंग आहे, फरशी आहे, दारात दिवा आहे. आमची वस्ती गावाच्या कडेला नाल्याजवळ, कारण तिथेच जागा दिली गेली. पुराचे पाणी चढले की बिळे भरतात आणि साप उंच कोरडी जागा शोधत निघतात. पहिले घर आमचे लागते. आमच्यासारखीच गत गोंड, हलबा, ढिवर वस्त्यांची आहे, आणि दोन एकरवाल्या कुणब्या-पोवारांच्या घरांचीही काही फार वेगळी नाही. ही लढाई एकट्या बौद्धांची नाही, हेही ध्यानात घ्या.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. सरकारी दवाखान्यांची आकडेवारी याच्या कितीतरी खाली असते, कारण जे दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत ते मोजलेच जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला 'दुर्लक्षित' आजारांच्या यादीत घातले. दुर्लक्षित कोण झाले, साप की चावलेली माणसे? केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला तो २०२४ मध्ये, आणि सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा असे राज्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरात कळवले. स्वातंत्र्याच्या ७७ वर्षांनी!

आता आपल्या घरात डोकावू. वहिनींच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब दोघेही आहेत. बावीस प्रतिज्ञा घरातल्या थोरल्या मुलाला पाठ आहेत. तरी रात्री चारला पाय मांत्रिकाकडे वळले. याला त्या कुटुंबाचे अज्ञान म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. मांत्रिक चार घरे सोडून आहे, रात्री दार उघडतो, 'वाचेल' म्हणतो. दवाखाना लांब आहे, गाडीला पैसे लागतात, आणि तिथे पहिला प्रश्न कार्ड कुठे आहे असा येतो. मांत्रिक 'उतरवतो' ते बहुतेक बिनविषारी सापाचे किंवा विष न सोडता केलेल्या दंशाचे. माणूस आपोआपच वाचणार असतो. श्रेय मंत्राला. मेला तर नशीब. हा धंदा कधी बुडतच नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर त्याच वर्षी, २०१३ मध्ये, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा. कायदा आहे, पण जातबांधव असलेल्या म्हाताऱ्या मांत्रिकाविरुद्ध तक्रार द्यायला आपल्या वस्तीत कोण जाईल? आम्ही गेलो नाही. लिहिताना लाज वाटते, पण गेलो नाही.

आणि आपले काही लोक आता परित्रपाठालाच सर्पमंत्र करू लागले आहेत. सापांच्या कुळांविषयी मैत्रीभाव ठेवा असे सांगणारे ते वचन. मैत्रीने साप मारणे थांबेल, विष उतरणार नाही. भगवंतांनी अलगद्दूपम सुत्तात सापाचाच दाखला दिला आहे : साप शेपटीकडून धरणारा दंश खातो, धम्म चुकीचा धरणाराही तसाच. यापेक्षा स्पष्ट काय सांगायचे राहिले?

नागवंशाचेही तेच झाले आहे. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये १९४८ साली नागांविषयी लिहिले, १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांनी बौद्ध धम्म पसरवल्याचे सांगितले. नाग म्हणजे त्यांच्या लेखी माणसे होती, हाडामांसाचा एक समाज. आपल्याच जिल्ह्यात पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. तिथल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे, ब्राह्मीत त्याचे नाव कोरलेले आहे. आमच्यातल्या किती जणांनी पवनीला जाऊन ती टेकडी पाहिली? ज्यांना इतिहासातला नाग माहीत नाही आणि शेतातलाही माहीत नाही, त्यांचा नाग फक्त डीपीवर उरतो. तो सोडा असे आमचे म्हणणे नाही. नागवंशी म्हणवून घ्यायचे तर दोन्ही नाग शिका. एवढे मागणे जास्त आहे का?

शेवटी सातबारा. वहिनींचे पती महिनाभराने एका कार्यालयात गेले. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला २ लाख मिळतात, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. खरे आहे, मिळतात. खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. टेबलामागच्या माणसाने विचारले, 'सातबारा?' सातबारा नव्हता. त्याच बांधीत, त्याच चिखलात, त्याच सापाने मालकाच्या मुलाला दंश केला असता तर २ लाख. रोवणाऱ्या बाईला शून्य. वाघाने मारले तर वनविभाग भरपाई देतो. सर्पदंश त्या यादीत नाही. आमच्याकडे कऱ्हांडल्याचा वाघ आहे, म्हणून मरणाचीही वर्गवारी आम्हाला चांगली समजते. आणि बावनथडीच्या पलीकडे मध्य प्रदेशात, आमच्या तुमसर तालुक्याला लागून असलेल्या बालाघाटात, सर्पदंशाने मेलेल्याच्या वारसाला महसूल खाते ४ लाख देते. सातबारा न मागता. (तिकडे सिवनी जिल्ह्यात बोगस मृतांच्या नावे पैसे उचलल्याचे प्रकरण गाजले, तेही आम्हाला ठाऊक आहे. चोर पकडावेत, योजना का नाकारावी?) नदीच्या या काठाला मेलेल्या मजुराचा गुन्हा काय, एवढे सरकारने एकदा सांगावे.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले तेव्हा सातबाऱ्यावर नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना कुणी समजावून सांगावे लागले नव्हते. साठ वर्षांनी तोच कोरा सातबारा मरणानंतरही आडवा येतो, आणि आपण नागपंचमी कुणाची यावर रात्र जागवतो.

म्हणून यंदा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या. भूमिहीन शेतमजुरांना सानुग्रह अनुदानात घ्या, सर्पदंशाच्या मृत्यूला जमिनीची अट नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळाभर प्रतिविष आणि ते देऊ शकणारा डॉक्टर रात्रीही हवा, आणि फलकावर रोजचा साठा लिहिलेला हवा. रोवणीच्या मजुरीबरोबर गमबूट मालकाने द्यावेत. चिखलात गमबूट रुततात असे बायका सांगतात, ते खरे आहे, तरी बांधापर्यंत, धुऱ्यावर आणि तणसाच्या ढिगाजवळ ते कामाचे आहेत. वस्तीत ज्यांच्याकडे खाट नाही त्यांना निदान मच्छरदाणी, चटईखाली नीट खोचलेली. मण्यार तिच्यातून आत येत नाही. समाजमंदिरात एक रविवार सापांच्या चित्रांसाठी ठेवा, बायकांना पुढे बसवा, पोरांना मागे. कुणी सर्पदंशाने गेलेच तर रडताना का होईना, पोस्टमार्टम आणि पंचनामा सोडू नका, नाहीतर उद्या योजना झाली तरी कागद नसेल. आणि ठरावाची प्रत तहसीलदारांना देऊन पोच घ्यायला विसरू नका.